बंद पडलेली ॲप नव्या फोनवर: एम. जी. रोडवरील एका सेवेचे परीक्षण

नाशिकच्या एम. जी. रोडवर मेहेर सिग्नलपासून सांगली बँक सिग्नलपर्यंत मोबाइलची दुकाने खेटून उभी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे काम काच, कव्हर, बॅटरी आणि चार्जिंग पॉइंट या चौकटीतच चालते. याच परिसरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, 'डेटा रिकव्हरी व सॉफ्टवेअर' एवढीच पाटी असलेल्या एका छोट्या दुकानात वेगळ्या प्रकारचे काम होते. ज्या ॲपच्या कंपनीने हात वर केले आहेत, जे प्ले स्टोअरवरून गायब झाले आहे आणि नवा फोन जे उभेच करत नाही, असे ॲप त्यातल्या नोंदींसह चालू करून देण्याचे काम हे दुकान करते. मी स्वतः ही सेवा घेतली आणि नंतर दोन परिचितांनाही तेथे पाठवले. दुकानाचे काम चोख आहे, कागदपत्र आणि पावतीचा कारभार ढिसाळ आहे. आणि दुकानाची खरी किंमत ते ॲप 'बसवून' देते यात नसून, बसवण्याआधी जी तपासणी करते त्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

माझी गरज द्राक्षबागेची होती. दिंडोरी तालुक्यातील बागेच्या फवारण्यांची नोंद मी गेले अनेक हंगाम एका छोट्या मोफत ॲपमध्ये ठेवत आलो: प्लॉट, तारीख, औषध, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि काढणीपूर्वी सोडायचे दिवस. निर्यातीचा माल द्यायचा असेल तर ही नोंद मागितली जाते; आणि निर्यात नसली तरी गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) डावणी या बुरशीजन्य रोगाने डोके वर काढले की मागच्या वर्षी याच अवस्थेत काय मारले होते, हे पाहावेच लागते. ॲप तयार करणाऱ्यांनी ते केव्हाच सोडून दिले होते, पण ते चालत असल्यामुळे कोणाचे काही अडत नव्हते. जुन्या फोनची बॅटरी फुगली, अँड्रॉइड १५ असलेला नवा फोन घेतला, आणि तेव्हा कळले की फोन बदलताना इतर सगळे आपोआप आले तरी हे ॲप आलेले नाही. जुन्या फोनमधून त्याची फाइल पाठवून बसवण्याचा प्रयत्न केला, तर नव्या फोनने ते जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेले असल्याचे सांगून नाकारले. नेहमीच्या दुरुस्तीच्या दुकानांत 'दुसरे ॲप घ्या' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. दुसरे ॲप मिळते हे खरे, पण मागच्या हंगामांच्या नोंदी त्यात कशा जाणार, हे सांगणारे कोणी नव्हते.

या दुकानातील पहिला प्रश्न नव्या फोनबद्दल नव्हता. जुना फोन सुरू आहे का, तो रीसेट केला आहे का आणि त्यावर ॲप अजून उघडते का, हे आधी विचारले गेले. मग दुकानदारांनी जुना फोन विमान मोडवर टाकला आणि मला ॲप उघडून एक जुनी नोंद दाखवायला सांगितले. ही चाचणी साधी असली तरी अर्धा निकाल तिथेच लागतो. नेट नसताना नोंदी दिसत असतील तर माहिती फोनमध्येच आहे आणि पुढे बोलण्यात अर्थ आहे. ॲप नुसतेच गोल फिरत राहिले तर माहिती कंपनीच्या सर्व्हरवर होती असे समजायचे. आणि तो सर्व्हर बंद असेल तर नाशिकच काय, कोठेही ती परत मिळत नाही. माझ्या नोंदी दिसल्या.

त्यानंतर जुना फोन संगणकाला जोडून त्यातूनच ॲपची एपीके, म्हणजे ॲप ज्यातून बसते ती फाइल काढून घेण्यात आली. हा आग्रह मला विशेष आवडला. बंद झालेल्या ॲपच्या फाइल इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण त्यांत कोणी काय मिसळले आहे याची खात्री नसते. स्वतःच्या फोनमध्ये इतके दिवस चाललेली प्रत ही त्यामानाने कितीतरी विश्वासार्ह असते. एपीके ही मुळात एक झिप फाइल असते. ती उघडून दुकानदारांनी दोन गोष्टी पाहिल्या आणि त्या मलाही समजावून दिल्या.

पहिली गोष्ट म्हणजे ॲप कोणत्या अँड्रॉइडला डोळ्यासमोर ठेवून बनवले आहे तो आकडा, ज्याला या धंद्यात 'टार्गेट' म्हणतात. हा आकडा आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा वेगळा चालतो; अँड्रॉइड ६ चा आकडा २३ आहे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, संपर्क, लोकेशन यांची परवानगी ॲपला वापरताना मागावी लागते. त्याआधीच्या काळातील ॲपला बसवतानाच सगळ्या परवानग्या एकदम मिळत. फसव्या ॲपनी ही पळवाट ओळखली आणि आपण जुन्याच जमान्यातले आहोत असे भासवून परवानगीची पायरी टाळायला सुरुवात केली. म्हणून २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने २३ पेक्षा कमी टार्गेट असलेली ॲप बसवणे बंद केले आणि अँड्रॉइड १५ ने ही मर्यादा २४ वर नेली. माझ्या ॲपचा आकडा २२ होता. ज्यांच्या फोनमध्ये असे ॲप आधीपासून आहे आणि नंतर फोनचे अँड्रॉइड वाढले, त्यांचे ॲप काढले जात नाही. अडवणूक नव्याने बसवताना होते. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवर तेच ॲप सुरळीत चालताना दिसते आणि आपल्याच फोनमध्ये बिघाड असावा असे वाटत राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे एपीकेमधील 'लिब' नावाचा फोल्डर. ॲपने विशिष्ट प्रोसेसरसाठी कोडचा वेगळा संच दिलेला असेल तर तो येथे असतो आणि तो फक्त ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठीचा असेल तर नव्या फोनांपैकी पुष्कळांवर ते ॲप मुळातच चालू शकत नाही. गूगलने २०२२ मध्ये आणलेला पिक्सेल ७ फक्त ६४ बिटची ॲप चालवतो आणि महागड्या फोनांतले नवे प्रोसेसरही ३२ बिटला रजा देत चालले आहेत. माझ्या ॲपमध्ये हा फोल्डरच नव्हता, म्हणजे ते संपूर्ण जावामध्ये लिहिलेले असल्यामुळे प्रोसेसरची अडचण नव्हती. अडवणूक फक्त आकड्याची होती आणि तिच्यासाठी गूगलनेच एक दार ठेवले आहे: संगणकावरून एडीबी या साधनाने ॲप बसवताना कमी टार्गेटची तपासणी वगळण्याची सूचना देता येते. रूट करणे, म्हणजे फोनची आतली कुलपे तोडणे नाही, फोनचे सॉफ्टवेअर बदलणे नाही, ॲपच्या फाइलला हात लावणेही नाही.

फाइलला हात न लावण्याला मोठा अर्थ आहे, आणि येथेच दुकानाचे कसब दिसले. प्रत्येक ॲपवर त्याच्या निर्मात्याची डिजिटल सही असते. सही कायम राहिली तर जुन्या फोनमधून एडीबीच्या बॅकअपने काढलेली माहिती नव्या फोनवरच्या त्याच ॲपमध्ये परत भरता येते. सही बदलली तर फोन ती माहिती स्वीकारत नाही. नव्या ॲपसाठी ही बॅकअपची वाट अँड्रॉइड १२ पासून जवळजवळ बंद झाली आहे, पण कमी टार्गेटच्या जुन्या ॲपना ती अजून मोकळी आहे, जर निर्मात्याने स्वतःहून बॅकअप नाकारला नसेल तर. म्हणजे ज्या जुनेपणामुळे ॲप दारात अडले, त्याच जुनेपणामुळे त्याचे सामान सहीसलामत बाहेर काढता आले.

नव्या फोनवर ॲप उघडताच प्रथम परवानग्यांची यादी आली आणि मग हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवले असल्याची सूचना. यादीतील संपर्क आणि लोकेशन यांची बटणे दुकानदारांनी मला बंद करायला लावली. फवारणीच्या वहीला गावातल्या लोकांचे फोन नंबर कशाला हवेत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पडद्याच्या खाली एक काळी पट्टी राहते, कारण ॲप बनले तेव्हा एवढे लांब पडदे नव्हते. सेटिंगमध्ये ॲप पूर्ण पडद्यावर पसरवण्याची सोय आहे, पण तसे केल्यावर 'जतन करा'चे बटण अगदी कडेला जाते, म्हणून मी पट्टी तशीच ठेवली आहे. नोंदी तपासताना मॅन्कोझेब, गंधक, पाण्याचे लिटर सगळे जागेवर होते, मात्र पानांचे फोटो रिकामे दिसत होते. ॲप फोटो स्वतःच्या साठ्यात न ठेवता फोनच्या सामाईक मेमरीतील एका फोल्डरमध्ये ठेवत असे आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये येत नाही. जुन्या फोनवरून तो त्याच नावाने, त्याच जागी कॉपी केल्यावर फोटोही आले. ही तपासणी मी काउंटरवर उभे राहून केली म्हणून लक्षात आली. दुकानाने आपणहून फोटो उघडून पाहिले नव्हते, हे नोंदवले पाहिजे.

पंचवटीतील माझ्या परिचित गुरुजींचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. यजमान, तिथी आणि विधी यांच्या नोंदी ठेवण्याचे त्यांचे ॲप सुरू होताना आधी कंपनीच्या सर्व्हरला 'नवी आवृत्ती आहे का' असे विचारत असे, आणि सर्व्हर उरलेला नसल्यामुळे पहिल्याच पडद्यावर ताटकळत बसे. नेट बंद केले की मात्र निमूट उघडे. गुरुजी महिनोन्महिने प्रत्येक नोंदीसाठी नेट बंद-चालू करत होते आणि त्याबद्दल त्यांची फारशी तक्रारही नव्हती! नव्या फोनवर हाच खेळ पुन्हा नको म्हणून दुकानाने एपीके उलगडून त्यातील सर्व्हरचा पत्ता फोनच्या स्वतःच्याच पत्त्याकडे वळवला. आता विचारणा ताबडतोब नाकारली जाते आणि नेट नाही असे समजून ॲप पुढे सरकते.

असा बदल केला की मूळ सही मोडते, फाइलवर नव्याने सही करावी लागते आणि बॅकअपची वाट बंद होते. त्यामुळे बदलाला हात घालण्यापूर्वी दुकानदारांनी ॲपच्या आतील 'एक्सपोर्ट'ने सगळ्या नोंदींची फाइल काढून घेतली होती. फाइल उघडलीच आहे तर टार्गेटचा आकडाही वाढवला, पण फक्त २४ पर्यंत. तो थेट आजच्या आकड्यावर का नेला नाही, असे मी विचारले, आणि उत्तर ऐकण्यासारखे होते. जितका आकडा वाढवाल तितके नव्या अँड्रॉइडचे नियम त्या बिचाऱ्या जुन्या ॲपला लागू होतात: तीसवर नेले तर सामाईक मेमरीत मोकळेपणाने फाइल लिहिण्याची मुभा जाते आणि गुरुजींचे एक्सपोर्ट-इम्पोर्ट दोन्ही बंद पडते. चोविसावरही एक अडचण राहतेच, ती म्हणजे परवानगी मागायचे ॲपला ठाऊक नसते. स्टोरेजची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन हाताने द्यावी लागली. ती दिली नसती तर इम्पोर्टची यादी रिकामी दिसली असती आणि नोंदी गेल्या असे समजून गुरुजींनी कपाळाला हात लावला असता.

तिसरे प्रकरण फसले, आणि तरीही माझा दुकानावरील विश्वास त्यानेच वाढला. पिंपळगावकडील एका शीतगृहात काम करणाऱ्या परिचिताला तापमान नोंदवणाऱ्या ब्लूटूथ यंत्राचे ॲप नव्या, बऱ्यापैकी महाग फोनवर हवे होते. यंत्र उत्तम चालते, पण ॲपमधील संच ३२ बिटचा आणि फोन फक्त ६४ बिटचा. फोनच्या आत दुसरा आभासी अँड्रॉइड चालवणारी ॲप मिळतात, परंतु त्या आतल्या अँड्रॉइडपर्यंत ब्लूटूथ पोहोचत नाही, त्यामुळे तोही मार्ग खुंटला. 'या फोनवर होणार नाही. ३२ बिट चालवणारा एखादा स्वस्त फोन घ्या आणि तो शीतगृहातच ठेवा,' असे सांगून दुकानाने विषय संपवला. फोन विकण्याचा धंदा त्यांचा नाही, त्यामुळे सल्ल्यात स्वार्थ नव्हता. पुढे त्या परिचिताने तसा फोन घेतला, तर ॲपला यंत्र सापडेना. तेव्हा फोनवरूनच सांगितले गेले की ब्लूटूथची उपकरणे शोधण्यासाठी अशा जुन्या ॲपला अँड्रॉइडवर लोकेशन सुरू असावे लागते. लोकेशन चालू केले आणि यंत्र दिसले. या सल्ल्याचे वेगळे पैसे घेतले गेले नाहीत.

दुकान काही कामे सरळ नाकारते. बँकेची आणि यूपीआयची जुनी ॲप ते हातात घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पैशाच्या ॲपमध्ये जुनी आवृत्ती म्हणजे उघडे कुलूप. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपपैकी एखादे घेऊन येणाऱ्यांनाही ते परत पाठवते. मी बसलो असताना एक तरुण कागदपत्रे स्कॅन करण्याचे त्यांतलेच एक ॲप मागायला आला होता. त्याला फोनच्या कॅमेऱ्यातच असलेली स्कॅनची सोय दाखवून मोकळे केले. आयफोनचे काम येथे होत नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून ३२ बिटची ॲप तेथे कायमची थांबली आणि संगणकावरून असे ॲप बसवण्याची अँड्रॉइडसारखी मोकळीकही तेथे नाही.

आता तक्रारी. पावती मिळते, पण तिच्यावर 'सॉफ्टवेअर वर्क' एवढेच लिहिलेले असते. ॲपच्या फाइलमध्ये बदल केला का, कोणता केला, सही कोणाची, बॅकअपची प्रत दुकानाच्या संगणकावर राहिली का, यांतले काहीही त्यावर नसते. फवारणीची वही एक वेळ ठीक, पण गुरुजींच्या नोंदींत शेकडो कुटुंबांची नावे, गोत्रे आणि पत्ते आहेत. विचारल्यावर दुकानदारांनी प्रत आमच्यासमोर पुसली. पण ही रीत असायला हवी, विनंती नव्हे. दुसरे असे की फोन परत देताना यूएसबी डीबगिंग, म्हणजे वायरने जोडलेल्या संगणकाला फोनमध्ये हात घालू देणारी सोय, सुरूच ठेवलेले होते. कामासाठी ते लागते हे मान्य, पण काम संपल्यावर ते बंद करणे हा याच कामाचा भाग आहे. दुकानातून उतरण्यापूर्वी प्रत्येकाने सेटिंगमधील डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ते स्वतः बंद करावे.

तिसरी बाब थोडी खोलातली आहे. बदललेल्या प्रत्येक ॲपवर दुकान स्वतःच्या किल्लीने सही करते आणि पुढे त्यात काही दुरुस्ती करायची झाली तर तीच किल्ली लागते, नाहीतर ॲप काढून नोंदींसकट सगळे नव्याने बसवावे लागते. ती किल्ली दुकानाच्या एकाच संगणकावर आहे. मी आग्रह धरला तेव्हा गुरुजींना बदललेली एपीके आणि नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर मिळाली; हे सर्व गिऱ्हाइकांना न मागता मिळाले पाहिजे.

दर मला वाजवी वाटला. तपासणीचे दोनशे रुपये आधी घेतात आणि काम झाले तर ते एकूण रकमेतून वजा करतात. माझ्या कामाचे सगळे मिळून सहाशे झाले. गुरुजींचे काम दीड हजारांवर गेले, पण त्यात फाइल उलगडून बदल करण्याची मेहनत होती. शीतगृहाच्या परिचिताला तपासणीचेच पैसे पडले. दर तोंडी सांगितला जातो, त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी तो पावतीच्या मागे लिहून घेणे बरे. गाडी लावण्यासाठी एम. जी. रोडवर जागा शोधण्याच्या भानगडीत पडू नये. सीबीएस बसस्थानकाकडे उतरून चालत जाणे सोयीचे.

बदललेल्या फाइलचा मार्ग यापुढे किती काळ इतका मोकळा राहील, हा प्रश्न आहे. प्ले स्टोअरबाहेरून बसवल्या जाणाऱ्या ॲपच्या निर्मात्यांचीही ओळख पडताळण्याचा नियम गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. सप्टेंबर २०२६ पासून तो ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत आणि २०२७ पासून इतरत्र लागू करण्याचे वेळापत्रक आहे. संगणकावरून एडीबीने बसवण्याची वाट कायम राहील असे गूगलने म्हटले आहे, म्हणजे या दुकानाचा धंदा बसणार नाही. मात्र गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्हवरची फाइल घरी स्वतः बसवायची म्हटले तर ते अवघड होईल.

ज्यांच्या जुन्या फोनमध्ये असे एखादे ॲप अजून चालू आहे, त्यांनी तो फोन एक्स्चेंजमध्ये देण्यापूर्वी येथे न्यावा, आणि बॅटरी फुगली असेल तर आधी ती बदलून घ्यावी, कारण बॅकअप सुरू असताना फोन बंद पडला तर फाइल अर्धवट राहते. छाटणीच्या दिवसांत बागायतदारांची ये-जा वाढते, तेव्हा सकाळी दुकान उघडताना जाणे चांगले. दुपारनंतर गेल्यास फोन रात्रभर ठेवून जायला सांगतात आणि त्यासाठी पडद्याचा पिनही मागतात. मी ठेवला नाही. काम समोर बसून करून घेता येते आणि तसे सांगितल्यास दुकानदार हरकत घेत नाहीत.